भागीरथीबाईंचा विचार चालू आहे

समाजसेवेची पदवी घ्यावी की घेऊ नये, याचा विचार भागीरथीबाई नाकाडे यांनी सलग सात महिने केला. तेवढ्या अवधीत आमच्या आश्रमाच्या कमिटीतल्या पाचही पुरुषांचा जीव टांगणीला लागला. एका प्रिन्सिपलसाहेबांनी धरमपेठेहून लकडगंजाकडे इतक्या खेपा घातल्या, की टांगेवाले त्यांना कुठे जायचं हे विचारीनासे झाले. आणि मी, म्हणजे कमिटीचा चिटणीस, दर महिन्याच्या इतिवृत्तात 'बाईंचा विचार चालू आहे' हे एकच वाक्य लिहीत राहिलो. लढाई चालू होती, रॉकेलपासून साखरेपर्यंत सगळ्याची टंचाई होती, पण आमच्या कमिटीपुढे सात महिने दुसरा विषय नव्हता.

आमचा आश्रम नागपुरात लकडगंजात होता, लाकडाच्या टालांच्या, म्हणजे वखारींच्या, मागे. चार खोल्या, एक विहीर आणि एक चिंच. आमच्या कमिटीचे प्रमुख रायबहादूर, त्यांनी तो आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ काढला होता. टाकलेल्या, मारलेल्या, हाकललेल्या बायका तिथे यायच्या. मातोश्रींनी हयातीत स्वतःच्या दोन सुना हाकलल्या होत्या असं इतवारीच्या बाजारात बोललं जाई, पण स्मारकाच्या बाबतीत आपल्याकडे असल्या गोष्टी पाहत नाहीत. आश्रमाच्या व्यवस्थापिका भागीरथीबाई. सोळा वर्षं त्या तिथेच राहत होत्या, तिथेच जेवत होत्या. त्यांना दुसरं घर नव्हतं.

बाई उंच, सावळ्या, नऊवारी नेसणाऱ्या. पायात पुरुषी चपला. 'बायकांच्या चपला बसून राहणाऱ्या बायकांसाठी करतात' असं त्यांचं मत होतं. त्यांनी नवरा पाहिला होता की नाही याविषयी आमच्या कमिटीत दुमत होतं, आणि त्यांना विचारण्याची कोणाची छाती नव्हती. कमरेला पिशवी, पिशवीत सुपारी आणि अडकित्ता. समोरचा पुरुष बोलत असला की त्या सुपारी कातरायला घ्यायच्या. अडकित्ता सावकाश चालला तर तुमचं म्हणणं ऐकलं जात आहे. भराभर चालला तर आपण बोलणं आवरतं घ्यावं हे बरं. बोलता बोलता अडकित्ता अजिबात थांबला, तर छत्री उचलून निघावं. रायबहादूर हे कधी शिकले नाहीत.

बाई बी.ए. होत्या, हे कोणाला खरं वाटत नसे. पूर्वी त्या मुलींच्या शाळेत शिकवीत असताना एका तपासणीसाने शेऱ्यात लिहिलं होतं, की स्त्रीशिक्षिकांना उच्च शिक्षण झेपत नाही. एवढ्या एका ओळीवर चिडून त्यांनी घरी बसून अभ्यास केला आणि तिसऱ्या खेपेला त्या परीक्षा पास झाल्या. पहिल्या दोन खेपा त्या लपवीत नसत. उलट आवडीने सांगत. "इंग्रजीनं मले दोनदा पाडलं, मी तिले एकदा. चालते." पदवी मिळाल्यावर भाषा सुधारेल अशी काही लोकांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. मास्तर असो, फौजदार असो की रायबहादूर, बाई सर्वांना 'गा' म्हणत, बरोबरीच्याला 'अरे' म्हणावं तसं. रायबहादुरांना ते फार लागायचं. सरकारने दिलेला किताब आणि बाईंनी लावलेला 'गा' हे दोन्ही एका वाक्यात ऐकायला आम्हाला मात्र बरं वाटायचं.

एक प्रसंग सांगितला म्हणजे बाई कळतील. मातोश्रींच्या पुण्यतिथीला शहरातल्या मोठ्या घरच्या बायका आश्रमात जुनी लुगडी वाटायला येत. आश्रमातल्या बायकांनी रांगेत उभं राहायचं, लुगडं घ्यायचं आणि वाकायचं, असा रिवाज होता. एका वर्षी बाई दारातच पाट मांडून बसल्या. आलेलं प्रत्येक लुगडं त्यांनी उलगडलं, उजेडासमोर धरलं आणि भोकं दिसली की त्यातून बोटं बाहेर काढून दाखवली. रायबहादुरांच्या मंडळींच्या लुगड्यातून बाईंचा मनगटापर्यंत हात गेला. बाईंनी ते घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, आधी तुमच्या मोलकरणीला दाखवा, तिने घेतलं तर आम्ही घेऊ. त्या वर्षी वाकण्याचा कार्यक्रम झाला नाही. पुढच्या वर्षी लुगडी निम्मी आली, पण धड आली.

बाईंची काम करण्याची एक रीत होती. आश्रमात नवी बाई आली की तिला त्या काही विचारत नसत. नाव नाही, गाव नाही, का आलीस नाही. तिच्यापुढे एक सूप ठेवायच्या, त्यात तांदूळ, आणि स्वतः दुसरं सूप घेऊन समोर बसायच्या. लढाईतला रेशनचा तांदूळ म्हणजे अर्धे खडे. दोघी निवडत बसायच्या. मान खाली, हात चालू, कोणी कोणाकडे पाहत नाही. अर्धं सूप होईतो ती बाई एकेक बोलायला लागायची. मधूनच रडायची, पण हात थांबत नसत. तांदूळ संपला आणि बोलणं उरलं, तर बाई उठून आणखी तांदूळ आणायच्या. आश्रमाचा भात त्यामुळे नागपुरातला सगळ्यात स्वच्छ भात असे.

सुभद्रेला तीन दिवस लागले. रायबहादुरांचा टालाच्या धंद्यातला जो भागीदार होता, त्याची ही थोरली सून. वय वीस-बावीस. मूल होत नाही म्हणून तिला कोंडून ठेवीत, उपाशी ठेवीत, आणि पाठीवर तापल्या चिमट्याचे डाग होते. हे सगळं ती तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या सुपाला बोलली. तिच्या सासरच्यांना ती परत हवी होती. तिच्यावाचून अडलं होतं असं नाही. मुलाचं दुसरं लग्न ठरत होतं, आणि पहिली बायको आश्रमात बसली आहे हे पाहुण्यांच्या कानावर जाणं सोयीचं नव्हतं. घरात कोंडलेली चालत होती.

रायबहादूर स्वतः आश्रमात आले. मी बरोबर होतो. त्यांनी अब्रू, घराणं, संसार या विषयांवर बरंच सांगितलं आणि शेवटी म्हणाले, पोरीला उद्या पाठवून द्या. बाई म्हणाल्या, तिला विचारा.

"बायकांले काय विचारायचं असते यात?" रायबहादूर म्हणाले.

"मंग मले काहून विचारून राहिले गा? मीबी बाईच आहे."

अडकित्ता थांबलेला होता. मी रायबहादुरांची छत्री त्यांच्या हातात दिली आणि आम्ही निघालो.

यानंतर पंधरा दिवसांत रायबहादुरांना शास्त्रशुद्ध समाजसेवेची ओढ लागली. धरमपेठेत एका भाड्याच्या बंगल्यात नुकतंच एक लहानसं कॉलेज निघालं होतं. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं शिकायचं, की समाजसेवेची एम.ए.च्या तोडीची पदवी मिळे. तोडीची असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. विद्यापीठाची मान्यता यायची होती. प्रिन्सिपल सामंत मुंबईचे, दीड वर्ष परदेशात राहून आलेले. त्यांनी नगरवाचनालयात व्याख्यान दिलं, की शिक्षण न घेतलेल्या माणसाने दुःखितांना हात लावणं म्हणजे वैदूने शस्त्रक्रिया करणं. रायबहादूर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. त्यांना आयतं हत्यार मिळालं होतं. सुभद्रेला पाठवत नाही म्हणून बाईंना काढलं असं म्हणता येत नव्हतं. पण बाईंना समाजसेवेची पदवी नाही, असं म्हणता येत होतं.

ठराव मी लिहिला. मीच लिहिणार. मी रायबहादुरांच्याच शाळेत मास्तर होतो आणि माझं मराठी चांगलं होतं. 'आश्रमाची व्यवस्था यापुढे प्रशिक्षित व्यक्तीकडेच असावी. विद्यमान व्यवस्थापिका प्रशिक्षण घेऊ इच्छीत असल्यास त्यांना विचार करण्यास अवधी देण्यात यावा.' किती अवधी, हे मी लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही असं आज सांगितलं तर माझी छाती फुगेल, पण ते खोटं आहे. मी विसरलो. आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही याचं कारण आमच्या कमिटीची रीत. आमची सभा रायबहादुरांच्या घरी जेवणानंतर भरायची. पाटवडी, रस्सा, वर दोन वाट्या बासुंदी. मग लोडाला टेकून ठराव 'वाचला असे समजून' मंजूर व्हायचा आणि पाचही जण अर्धवट डोळ्यांनी सह्या करायचे. त्या कागदाखाली सह्या झाल्या, मोहोर उमटली, एक प्रत सरकारात गेली. आता त्यात तारीख घालायची तर सरकारला पत्र लिहून आम्ही ठराव वाचत नाही हे कळवावं लागलं असतं.

बाईंनी मात्र ठराव वाचला. दोनदा वाचला. वाचताना सुपारी कातरत होत्या, सावकाश.

"मास्तर, हा अभ्यासाचा टाइम काय आहे?"

मी सांगितलं, दहा ते चार, रोज, दोन वर्षं. पाऊण हजेरी सक्तीची. रायबहादुरांनी फार उदार मनाने सुचवलं होतं, की तेवढी दोन वर्षं आश्रम सांभाळायला त्यांच्या नात्यातली एक सुशिक्षित बाई येईल. हे मी आनंदाने सांगितलं. मला खरंच ती चांगली सोय वाटली होती. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला समजलं, की पदवी घ्यायला गेल्या तर सुभद्रा आठवड्यात परत जाईल, आणि नाही म्हणाल्या तर दोघीही जातील.

"कळवा त्याहिले," बाई म्हणाल्या. "मी विचार करून राहिली म्हना."

जानेवारीत त्या कॉलेज बघायला गेल्या आणि मला बरोबर नेलं. बंगल्याच्या दिवाणखान्यात वर्ग, पडवीत ग्रंथालय, न्हाणीघरात कार्यालय. विद्यार्थी सात होते. आठ झाल्याशिवाय मान्यतेचा अर्जच करता येत नव्हता. त्यामुळे प्रिन्सिपल सामंत आठव्याची वाट वधूपित्यासारखी पाहत होते. बी.ए. झालेली, सोळा वर्षं अनुभव असलेली बाई दारात पाहून त्यांनी स्वतः खुर्ची पुसली.

नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, की आपल्याला समाजकार्य का करावंसं वाटतं. बाई म्हणाल्या, वाटत काही नाही, करूनच राहिली आहे, मला तुमचा कागद किती दिवसांत मिळतो ते सांगा. सामंत हसले. चांगला माणूस होता तो, हे मी आधीच सांगून टाकतो. फक्त त्याला वाटायचं की जगातलं दुःख त्याची व्याख्यानं ऐकून शहाणं होईल. त्यांनी बाईंना शास्त्र समजावलं. आपण सल्ला द्यायचा नाही. हुकूम करायचा नाही. ऐकायचं, नोंद करायची, आणि निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा, मग तो कोणाला आवडो न आवडो.

बाईंचा अडकित्ता सावकाश झाला.

"म्हणजे बाईनं सासरी जावं का नाही, हे बाईच ठरवन?"

"अर्थात. दुसरं कोणीही नाही."

"हे शास्त्रात आहे?"

"शास्त्राचा पायाच आहे तो."

"लिहून घे गा मास्तर," बाई मला म्हणाल्या. मी लिहून घेतलं. सामंतांना वाटलं, विद्यार्थिनी तळमळीची आहे.

त्यानंतर सामंत आपल्या सात विद्यार्थ्यांना घेऊन आश्रमात आले आणि तांदूळ निवडण्याची रीत पाहून हरखून गेले. विद्यार्थ्यांनी वह्या भरल्या. एकाने सुपाचं माप घेतलं. आपल्या बंगल्यात शनिवारी जे सल्ला केंद्र चाले, तिथे हीच पद्धत सुरू करायचं सामंतांनी ठरवलं. सूप आलं, तांदूळ आला. कॉलेजच्या म्हाताऱ्या चपराशाला वाटलं, साहेबांच्या पाहुण्यांपुढे खड्यांचा तांदूळ ठेवणं बरं दिसत नाही. त्याने शुक्रवारी बसून सगळा तांदूळ निवडून, पाखडून ठेवला. शनिवारी एक गिरणीकामगाराची बायको आली. तिच्यापुढे मोत्यासारखा तांदूळ. ती त्याच्याकडे पाहत बसली, सामंत तिच्याकडे, विद्यार्थी दोघांकडे. तासाभराने तिने विचारलं, हा तांदूळ मला घरी न्यायचा आहे का? होय नाही करता करता तांदूळ पदरात बांधून ती गेली. पुढच्या शनिवारी तांदूळ न्यायला फाटकाबाहेर रांग लागली.

सामंत हे बाईंना सांगायला आले तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग उठून त्यांनी फडताळातला एक डबा काढला. त्यात खडे होते, धुऊन ठेवलेले. तांदूळ फार चांगला आला, की त्या मूठभर खडे मिसळीत. सामंतांनी डबा हातात घेतला आणि एकेक खडा बोटाने उलटून पाहिला. त्या दिवशी त्यांनी व्याख्यान दिलं नाही, हे नमूद करण्यासारखं आहे.

महिने गेले. सामंत येत, अर्जाचा कोरा कागद आणि एखादं पुस्तक ठेवून जात. रायबहादूर मला बोलावून विचारत, झाला का विचार? मी सांगत असे, चालू आहे. मग आवाज चढवून ते विचारत, कधी संपेल? मी ठराव दाखवत असे. मे महिन्यात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून थकलेल्या दुपारी, रायबहादुरांनी तो ठराव पहिल्यांदा वाचला. ते मला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच मे महिन्यात बाईंनी सामंतांना गळ घातली. म्हणाल्या, तुमचं ते नोंद लिहिणं मला जमणार नाही असं वाटतं, त्यामुळे मन होत नाही. एक नोंद मला लिहून दाखवा, समोर बसून, अगदी शास्त्राप्रमाणे. सामंतांना काय, आठवा विद्यार्थी हवा होता. बाईंनी त्यांच्यापुढे सुभद्रेला बसवलं. आणि मधे दोन सुपं. कोट घातलेले प्रिन्सिपल सामंत लकडगंजच्या पडवीत, मेच्या उन्हात, तीन दुपारी तांदूळ निवडत बसले होते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी ते उठले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. नोंद त्यांनी रात्रीतून लिहिली. सुभद्रेला परत जायचं नाही, तिला नर्सचं काम शिकायचं आहे, आणि हा तिचा निर्णय सर्वांनी मानला पाहिजे, असा शेवट. खाली सही, हुद्दा, पदव्या. पदव्यांना एक पूर्ण ओळ लागली.

नर्सचं शिक्षण देणारा एक मिशनचा दवाखाना नागपूरबाहेर होता. तिथे घरच्यांची संमती नाहीतर प्रशिक्षित अधिकाऱ्याची शिफारस लागे, आणि वर्ग जुलैत सुरू होत. आता वाचकांच्या लक्षात आलं असेल, बाई सात महिने विचार का करत होत्या. माझ्या तेव्हाही आलं नव्हतं.

जुलैच्या सभेला बाई न बोलावता आल्या. जेवणं झाली होती. त्यांनी सामंतांच्या नोंदीची एक प्रत रायबहादुरांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, शिकलेल्या माणसाचं ऐकायचं असा तुमचा ठराव आहे, हे शिकलेल्या माणसाने लिहिलं आहे. या खेपेला तो कागद पाचही जणांनी वाचला. रायबहादूर म्हणाले, पोरीला आत्ता इथे आणा. बाई म्हणाल्या, ती सकाळच्या गाडीने गेली, पोचलीही असेल.

मग बाई म्हणाल्या, माझा विचार झाला.

"मी शिकायले जाते म्हणते. तुमी ठेवा इथं ज्याले ठेवाचं त्याले. तुमाले जे पाहिजे होतं ते आता इथं नाही."

मला वाटलं ही शेवटची टोचणी. तसं नव्हतं. बाई खरंच जाणार होत्या. सामंत ठेवून गेलेली पुस्तकं त्यांनी त्या सात महिन्यांत वाचली होती, समासात पेन्सिलीने भांडणं केली होती. ज्या गोष्टी त्या सोळा वर्षं हाताने करत होत्या, त्यांना नावं आहेत, त्यावर कोणी दूरदेशी बसून विचार केला आहे, याचं त्यांना अप्रूप वाटू लागलं होतं. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, की यातलं निम्मं चूक आहे, पण उरलेलं निम्मं मला सोळा वर्षांआधी कोणी सांगितलं असतं तर दोन-तीन बाया वाचल्या असत्या. हे बोलताना त्या हसत नव्हत्या. नाटक करता करता बाईंना ती पदवी खरोखर हवीशी झाली होती, आणि आता त्यांना घरही उरलं नव्हतं. कॉलेजच्या बंगल्यामागे विद्यार्थिनींसाठी एक खोली होती.

अर्जाला एकच कागद जोडायचा होता. ज्या संस्थेत काम केलं, तिच्या चिटणिसाचं अनुभवाचं प्रशस्तिपत्र. म्हणजे माझी सही.

रायबहादुरांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. रागावले नाहीत. बसायला सांगितलं, बासुंदी दिली. म्हणाले, मास्तर, तुमची नोकरी कायम करायचा कागद माझ्या मेजावर आहे. मुलांची चौकशी केली. बाईंविषयी एक शब्द काढला नाही. त्यांच्या पुतण्याने त्याच आठवड्यात कॉलेजात नाव घातलं. बी.ए. होऊन तीन वर्षं तो घरी तक्क्याला टेकून बसला होता, आता समाजाची सेवा करायला उठला. सामंतांना आठवा मिळाला. तरी त्यांनी मला निरोप पाठवला, की बाईंसाठी जागा ठेवली आहे, शनिवारपर्यंत तेवढं प्रशस्तिपत्र पाठवा.

शनिवारी सकाळच्या शाळेत मधल्या सुट्टीत बाई आल्या. शिक्षकांच्या खोलीबाहेर उभ्या राहिल्या. अर्ज भरलेला होता, बारीक, सरळ अक्षरात. मी तो हातात घेतला आणि सांगायला लागलो, की अशा प्रशस्तिपत्राला कमिटीची मंजुरी लागते, तसा नियम आहे, पुढच्या सभेत विषय घेऊ, दोन दिवसांनी बघू. असा कोणताही नियम नव्हता. असता तर तो मीच लिहिला असता. बोलताना माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. आज त्यांनी पिशवीला हात लावला नव्हता. सगळं ऐकून घेतलं, अगदी शास्त्रात सांगितल्यासारखं.

"लेकरं किती तुले, मास्तर? तीन ना?"

मी मान हलवली.

"राहू दे मंग. दे तो अर्ज."

त्यांनी अर्जाची घडी केली. मला वाटलं, आता त्या मला तोंडावर काहीतरी बोलतील. बोलायला हव्या होत्या. आमच्या कमिटीतल्या एकेकाला त्यांनी सोलून काढलं होतं, रायबहादुरांना सोडलं नव्हतं. मला सोडलं. माणसं निवडताना त्यांनी मला त्या सासरी कोंडलेल्या बायकांच्या बाजूला ठेवलं होतं, ज्यांच्यावर रागावून उपयोग नसतो. मी भेकड आहे हे मला तोवर अंदाजाने ठाऊक होतं. त्या दिवशी पक्कं कळलं.

घंटा झाली. बाई म्हणाल्या, पोरं वाट पाहून राहिले, जा. मी वर्गात गेलो, फळा पुसला, पोरांना वह्या काढायला सांगितल्या. सुभद्रेच्या त्या मिशनच्या दवाखान्यात नर्सांच्या वसतिगृहावर देखरेखीला त्या गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या, असं मला फार उशिरा कळलं. तेव्हा काही ठाऊक नव्हतं. वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसत होतं. बाई त्यावरून सरळ चालत गेल्या, घाई न करता. शाळेच्या फाटकापासून डावीकडचा रस्ता कॉलेजकडे जातो आणि उजवीकडचा स्टेशनकडे. फाटकात त्या क्षणभर थांबल्या. मी खडू हातात धरून उभा होतो. बाई उजवीकडे वळल्या.